चटईवरचं माप

“मग माझ्या व्हायोलिनमध्ये माझं नाव का नको?” दिगंबरनं विचारलं.

दस्तगीरचाचा बशीत चहा ओतत होते. त्यांनी फुंकर मारली.

“नको कोण म्हणालं?”

“तुम्ही हो म्हणत नाही.”

“हो म्हणत नाही,” चाचा म्हणाले, “आणि नको पण म्हणत नाही.”

ही मिरजेतली गोष्ट. भर दुपारची. मी दुकानातला पोऱ्या, कोपऱ्यात शेगडीपाशी लाकूड चिकटवायचा सरस ढवळत बसलो होतो. दुकानात आम्ही तिघंच. तेव्हा तरी मला तसंच वाटत होतं.

चाचांचं व्हायोलिन बाजारात मिळतं तसं नसायचं. साहेब लोक उभ्यानं वाजवतात. आपला माणूस खाली बसतो, उजवा पाय जरा पुढं घेतो, वाद्याचं एक टोक गळ्याशी धरतो, दुसरं घोट्यावर टेकवतो. म्हणून चाचांनी आपल्या मनानं वाद्याच्या डोक्याला लाकडाची एक चोच काढली. ती बरोबर घोट्यावर बसायची. आणि गज फिरतो त्या तारांच्या खाली सात बारीक तारा घातल्या, तरफेच्या. त्यांना कोणी हात लावायचा नाही. त्या नुसतं ऐकायच्या, आणि ऐकलेलं झणकायच्या.

गिऱ्हाईक आलं की चाचा त्याला दाराजवळच्या चटईवर बसवायचे आणि सुतळीनं माप घ्यायचे. एक गाठ गळ्याच्या हाडाची. एक कोपराची. एक मनगटाची. शेवटची घोट्याची. त्या सुतळीचं ते एकच वाद्य व्हायचं. दुसऱ्या कुणाच्या अंगाला ते लागायचं नाही.

दिगंबर सुतार चौदा वर्षं त्यांच्याकडं शिकत होता. आता चाळिशीचा झाला होता. हाताला चाचांपेक्षा सफाई. ते त्यालाही ठाऊक होतं, चांगलंच ठाऊक होतं.

वाद्य बंद करायच्या आधी आतल्या बाजूला करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवतात. चौदा वर्षं दिगंबरनं चाचांच्या नावाची चिकटवली. मग चाचा म्हणाले, तीन वाद्यं एकट्यानं कर. लोकांकडं राहिली, तर चौथ्यात तुझं नाव लाव आणि तुझं दुकान घाल.

त्यानं तीन केली.

तिन्ही परत आली. समोर भिंतीवर, तीन खुंट्यांना टांगलेली होती.

“सांगलीचे मास्तर काय म्हणाले?” चाचांनी विचारलं.

“त्यांचे कान गेलेत.”

“म्हणाले काय?”

दिगंबरनं तोंड वाकडं केलं. “मी वाजवायला लागलो की मागं कोणीतरी गातं, म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, मग बरंच झालं की. साथीदार शोधायला नको.”

मला हसू आलं. चाचा हसले नाहीत.

“आणि बेळगावच्या बाई?”

“गज उचलला तरी एक सूर मागं राहतो म्हणे. तरफ आहे चाचा, राहणारच.”

“किती वेळ?”

दिगंबरनं मांडीवरचा भुसा झटकला.

“बाईंचा स्वयंपाक होईपर्यंत,” चाचा म्हणाले. “भात खाली उतरवला तेव्हा थांबला.”

चाचांनी तिसऱ्या खुंटीकडं बोट केलं.

“आणि इचलकरंजीचे गुरव?”

“त्यांच्या आईला दिसत नाही.”

“ऐकू येतं ना? तिनं सुनेला दोन ताटं वाढायला लावली. लेकाचं एक. आणि म्हणाली, त्या गाणाऱ्या पोराला पण बोलवा, किती वेळचा गातोय, भूक लागली असेल.”

सरस उतू आला. मी भांडं खाली उतरवलं.

दिगंबर ताडकन उठला. खिळ्याला लावलेल्या सुतळ्यांतल्या तीन सुतळ्या त्यानं ओढून काढल्या, एकेक वाद्य उतरवलं आणि चाचांच्या पुढ्यात एकेक सुतळी त्यावर ताणून धरली.

“बघा. कुठं चुकलंय दाखवा.”

चाचांनी गाठीवर गाठ तपासली. डोळे अगदी जवळ नेऊन.

“कुठंच नाही.”

“लाकूड?”

“तूनच्या झाडाचं. मीच निवडून दिलेलं.”

“आवाज?”

“माझ्या वाद्यांपेक्षा गोड.”

“मग माझं चुकतंय काय, चाचा?” त्याचा आवाज चढला. “वर्षभर खपलोय यांच्यापायी. उद्या लोक म्हणतील, दिगंबर सुताराची व्हायोलिनं झपाटलेली असतात. कोण येईल माझ्या दारात? जन्मभर तुमच्याच नावाच्या चिठ्ठ्या चिकटवू?”

चाचांनी बशी बाजूला सारली.

“दिगंबर, तू शेवटचं कधी गायलास?”

रस्त्यावर कल्हईवाला ओरडत होता, तो एकदम लांब गेल्यासारखा वाटला.

ही गोष्ट आम्हाला सगळ्यांना माहीत होती. त्याच्यासमोर मात्र कोणी काढत नसे. दिगंबर लहानपणी नाटकमंडळीत होता. दारावरच्या फळीवर रंगानं नाव लिहायचे, बाळ दिगंबर. त्याचं पद ऐकायला माणसं बैलगाड्या जुंपून यायची. बाराव्या वर्षी, भरल्या मांडवात, वरच्या सुराला गळा फाटला. लोक हसले. मागून कोणीतरी कोंबड्यासारखं आरवलं. दुसऱ्या दिवशी त्याच मंडळीत तो पडद्यांच्या चौकटींना खिळे मारत होता. तिथंच सुतारकामात हात बसला. त्यानंतर त्यानं कधी गुणगुणलंसुद्धा नाही. आरतीला उभा राहिला तरी ओठ मिटून नुसत्या टाळ्या वाजवायचा.

“त्याचा इथं काय संबंध?” दिगंबर म्हणाला.

“त्या दिवशी मांडवात मंचावर चढला कोण?”

“मी.”

“आणि खाली उतरला?”

“मीच की. दुसरं कोण उतरणार?”

“आणि जो गात होता तो?”

दिगंबरनं चाचांकडं बघितलं. मग माझ्याकडं. जणू मीच काही सांगणार होतो.

“तो मेला,” तो म्हणाला.

जाड, घोगरा आवाज त्याचा.

तिन्ही व्हायोलिनं झणकली.

यात नवल नाही. आमच्या दुकानात कोणी शिंकलं तरी भिंत झणकते. तरफेचं कामच ते. पण तार जे ऐकते तेच परत देते. जाडाला जाड. आणि हा सूर बारीक होता… उंच, कोवळा, अगदी स्वच्छ. एक दोन सूर नाहीत. पदाची अर्धी ओळ होती ती. वर चढत गेली आणि जिथं चढायची तिथं पोचायच्या आधी थांबली.

माझ्या हातातली काठी भांड्यात पडली.

दिगंबरनं दोन्ही हातांनी एका वाद्याच्या तारा गच्च दाबून धरल्या. बाकीची दोन झणकतच राहिली.

“थांबव की,” चाचा हळूच म्हणाले.

“थांबत नाही…”

“मग राहू दे.”

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. गुंडाळीतली कोरी सुतळी त्यांनी दातानं तोडली. गिऱ्हाइकाच्या चटईपाशी गेले आणि खाली बसले. चटईवर कोणी नव्हतं. दारातून आलेलं ऊन तेवढं पडलं होतं.

त्यांनी सुतळीचं एक टोक हवेत धरलं. जमिनीपासून हातभर उंचीवर. मोठा माणूस बसला तर तिथं त्याची छाती येईल. लहान पोर बसलं तर गळा.

पहिली गाठ बांधली. मग थोडं खाली दुसरी. मग तिसरी. घाई नाही. गिऱ्हाइकाशी बोलतात तसं अधूनमधून पुटपुटत होते. “हलू नको रे… हां. पाय जरा पुढं घे.”

मग हात मागं घेतला, वरचं टोक तेवढं चिमटीत ठेवलं, आणि दिगंबरकडं वळून बघितलं.

आता मी जे बघितलं तेच सांगतो. वारा नव्हता. सुतळी मोकळी होती, तिला खाली सरळ लोंबायला हवं होतं. ती लोंबली नाही. तिरकी राहिली. वरून पुढं, चटईच्या कडेकडं, ताठ. खालच्या टोकाला कोणीतरी बोट लावून धरावी तशी.

“घोट्याची गाठ राहिलीय,” चाचा म्हणाले. “ती मी नाही बांधणार.”

दिगंबर जागचा हलेना.

“चाचा… मला भीती वाटते.”

“त्याला पण वाटत असेल. तूच हाकललास त्याला.”

मग दिगंबर आला. रांगत आल्यासारखा आला म्हटलं तरी चालेल. चटईपुढं गुडघे टेकले. सुतळीच्या खालच्या टोकाशी त्यानं हात नेला, आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. परत नेला. या वेळी हात तिथंच ठेवला. मान खाली घालून तो कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागेवर हात ठेवून बसला होता.

मग गाठ बांधली.

वाद्यांतला सूर थांबला. एक वाद्य, मग दुसरं. दिगंबरनं मघाशी दाबून धरलेलं तिसरं, ते सगळ्यात शेवटी.

चाचांनी चिमूट सोडली. सुतळी चटईवर पडली. सुतळीसारखीच, वेडीवाकडी.

दिगंबरनं ती उचलली. ओंजळीत धरली. एवढी आखूड सुतळी त्या दुकानात मी कधी बघितली नव्हती.

“चौथं हे करू?” त्यानं विचारलं.

“कर.”

“आणि आत चिठ्ठी… नाव कुणाचं लावू?”

चाचा उठून आपल्या जागेवर गेले. थंड झालेली बशी उचलली.

“मला काय विचारतोस? समोर बसलाय. त्याला विचार.”