ताण्याखालून पळणारी मुलगी

नदीकाठच्या एका गावात सगळे विणकर राहायचे, आणि त्यांच्यातच एक आई होती, तीन वर्षांच्या मुलीची. मुलीने पहिल्यांदा चालत उंबरठा ओलांडला तेव्हा आईने आळीभर गूळखोबरं वाटलं होतं. महिनाभरातच ती म्हणू लागली, अजून थोडे दिवस रांगली असती तरी काही बिघडलं नसतं.

कारण मुलगी चालायची नाही, पळायची. त्या गावात साडीचा ताणा, म्हणजे लांबच लांब उभे धागे, सकाळी आळीत ताणून त्यांना खळ लावायची पद्धत होती. मुलगी त्याखालून सुसाट जायची आणि दोन-चार धागे तुटायचे. आई एकेक धागा जोडत बसायची आणि देवाला रोज एकच मागायची, हिला जरा एका जागी बसव.

सणाच्या आधी आईला चार साड्या पुऱ्या करायच्या होत्या. शेवटी तिने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली. एक टोक मुलीच्या कमरेला बांधलं, दुसरं दारच्या खांबाला. मुलगी पट्टी पुरेल तिथवर धावायची, हिसका बसला की मागे फिरायची आणि पुन्हा धावायची.

एके सकाळी ती खांबाला टेकून बसली ती बसलीच. अंग थोडं कोमट लागत होतं, पण ऊनही तसंच होतं. दुपारपर्यंत आईचं दिवसभराचं विणून झालं.

शेजारची म्हातारी पाण्याला जाताना थांबली. "अगं, आज पोर धावली नाही. बघ जरा."

"दृष्ट लावू नका, मावशी. पहिल्यांदाच शहाण्यासारखी बसलीय."

संध्याकाळी आईने तिला कौतुकाने उचलूनच आत नेलं. दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, माझे पाय झोपलेत."

"झोपू देत," आई मागावरूनच म्हणाली. "उठवू नकोस त्यांना."

तिसऱ्या दिवशी चौथी साडी उतरली. आईने पट्टी सोडली आणि म्हणाली, जा, पळ आता. मुलीने उठून बघितलं, जमेना. ती आईकडे बघून ओशाळं हसली, जणू चूक तिचीच होती.

वैद्यांचं गाव दोन कोसांवर. आई तिला खांद्यावर टाकून पळत गेली. वैद्यांनी पाय दाबले, टाचेला टोचून पाहिलं, आणि विचारलं, ही बसून कधीपासून आहे?

"परवा सकाळपासून."

"मग आज आणलीत?"

"मला वाटलं, शहाणी झाली."

वैद्य काही रागावले नाहीत. त्याच दिवशी आणली असती तर काही करता आलं असतं, एवढंच म्हणाले.

वर्षं गेली. मुलगी खांबाशी बसून आईला छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळून कांड्या भरून देऊ लागली. आळीतली बाकीची पोरं ताण्याखालून पळायची, धागे तोडायची, बायका त्यांच्या नावाने ओरडायच्या. ही आई तेवढी काही बोलायची नाही. खाली बसून जोडत राहायची.

एकदा मुलीने विचारलं, "आई, मीपण असे तोडायचे?"

"हो."

"किती?"

आईच्या हातातला धागा सुटला. "रोज," ती म्हणाली.

तात्पर्य: मुलांच्या पळण्याने जीव मेटाकुटीला आला तरी तो परत ठिकाणावर येतो. ती गप्प बसली, तर हातातलं काम टाकून आधी त्यांच्यापाशी जावं.