कोपऱ्यातल्या मागावरची ओ

पूर्वी तगर नगरात विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका विणकराच्या घरी जन्मला. त्याचे नाव नंदिल. मोठा झाल्यावर तो राजाच्या वस्त्रशाळेत मागावर बसू लागला. तिथे सात माग होते, आणि सातांवर मिळून एकच कापड विणले जाई. प्रत्येकाने एक पट्टा विणायचा, मग सातही पट्टे कडेला कड लावून शिवायचे.

आता सात माणसांचे हात एका नक्षीवर चालायचे, तर त्याला काही धरबंध हवाच. वस्त्रशाळेचा प्रमुख गाठी मारलेली दोरी बोटांतून सोडी. एकेक गाठ म्हणजे नक्षीची एकेक ओळ. गाठ हाताला लागली की तो हाक देई, "तीन उचल, दोन सोड!" विणकर आधी ओ देत, मग आडव्या धाग्याचा धोटा टाकत. हाक चुकली असे वाटले तर जो तो म्हणू शके, "ओ नाही!" एवढे कोणीही म्हटले की सातही धोटे थांबत. जुना प्रमुख दोरी पुन्हा चाचपी आणि हसून म्हणे, "म्हातारा झालो रे बाबांनो." यात कोणाला कधी कमीपणा वाटला नाही.

तो म्हातारा वारला आणि त्याच्या जागी रोहक आला. रोहकाचे अक्षर सुंदर होते, पण धोटा त्याने जन्मात धरला नव्हता. आल्या आल्या त्याने बसायला उंच ओटा बांधून घेतला. तिसऱ्या दिवशी नंदिल मागावरून म्हणाला, "ओ नाही!"

रोहकाचे कान लाल झाले. "तू मला शिकवणार?"

"तसं नाही स्वामी. एक गाठ निसटली, एवढंच."

"आजपासून ओ बंद," रोहक म्हणाला. "हाक माझी, हात तुमचे. तोंड जेवायला ठेवा."

आणि त्याने नंदिलचा माग उचलून कोपऱ्यात नेला. पूर्वी तिथे कापूस ठेवत. मध्ये मातीची भिंत होती. भिंतीला वळसा घालून बाकीच्या मागांपर्यंत जायला बारा पावले पडत. बाराच. पण त्या दिवसापासून ती ना इकडून कोणी चालले, ना तिकडून.

पुण्णक नंदिलचा लहानपणापासूनचा सोबती. दोघे रोज एका पानावर जेवत, पुण्णकाची भाकरी आणि नंदिलच्या घरची कारळ्याची चटणी. आता पुण्णक तोंड फिरवून जेवू लागला. नंदिलशी बोलला तर आपलाही माग हलेल, ही भीती. नंदिल चटणी मात्र दोघांपुरतीच आणी. सवयच ती! संध्याकाळी उरलेली अर्धी तशीच घरी जाई, आणि त्याची आई काही न विचारता ती झाकून ठेवी.

भिंतीपलीकडून हाक ऐकू येई. नंदिल हळू आवाजात ओ देई आणि मग धोटा टाकी.

"भिंतीशी बोलतोय," म्हातारी वसुला पुण्णकाला म्हणाली. तिची हयात त्याच वस्त्रशाळेत मागावर गेली होती. "एकट्या माणसाचं असंच होतं हो."

पण एकटा काय नंदिलच होता? पुण्णक पूर्वी विणताना गुणगुणे, ते थांबले. वसुला घरी निघताना पट्ट्यावरून एकदा हात फिरवी, तीही आता मागे वळून बघेनाशी झाली. सांगितले तेवढे करायचे आणि दिवस कलला की उठायचे. सहा माणसे मांडीला मांडी लावून बसत, आणि सहाही आपापल्या जागी एकटी.

पुढे कौमुदी उत्सव आला. राजा ज्या छताखाली बसून दान देई, ते नवे विणायचे होते. त्यावर हंसांची रांग. रोहकाने बजावले, "ज्याचा पट्टा बिघडेल, त्याला नगराबाहेर घालवीन. बायकापोरांसकट."

काम अर्ध्यावर आले असताना दोरी रोहकाच्या बोटांतून सटकली आणि चार गाठी एकदम गेल्या. नेमकी हंसाची मान. त्याने पुढचीच हाक दिली. सहा धोटे क्षणभर अडखळले.

"मान राहिली," पुण्णक पुटपुटला.

"राहू दे. तुला कोणी विचारलंय?" वसुला म्हणाली. "त्याचा हंस, तो बघून घेईल."

भिंतीआडून आवाज आला, "ओ नाही!" थोड्या वेळाने पुन्हा आला. रोहकाने ऐकले, आणि पुढची हाक आणखी चढ्या आवाजात दिली.

नंदिलने मानेच्या चार ओळी आपल्या आठवणीने विणल्या. विणताना त्याच्या मनात आले, आता कळेल सगळ्यांना. ते येताच त्याला बरे वाटले, आणि बरे वाटले याची लाजही वाटली. तरी तो उठला नाही.

राजा पाहायला आला तेव्हा सातही पट्टे अंगणात अंथरले होते. सहा पट्ट्यांवर बिनमानेचे हंस, आणि एकावर माना उंच केलेले. कडेला कड काही जुळेना.

"महाराज, सहा सारखे आहेत आणि एक वेगळा," रोहक घाईने म्हणाला. "चूक कोणाची ते दिसतंच आहे. हा पहिल्यापासूनच आडमुठा."

राजा खाली वाकला. "अरे, पण मान तर याच्याच हंसाला आहे! हाक कशी होती?"

 नंदिलने सहाजणांकडे पाहिले. पुण्णकाची नजर जमिनीवर होती. 'माझा पट्टा बरोबर' एवढेच नंदिलने म्हटले असते तर तो सुटला असता, आणि सहा घरे वेशीबाहेर गेली असती.

"महाराज, हाकेतून चार गाठी गेल्या," नंदिल म्हणाला. "पण पट्टा माझाही बिघडला आहे."

"तो कसा?"

"छत सातांचं मिळून होतं. माझा एकट्याचा बरोबर आला, त्याखाली कोण बसणार? मी 'ओ नाही' म्हणालो आणि जागेवरच बसून राहिलो. बारा पावलं चालून पुण्णकाचा हात धरला असता तर हे झालं नसतं. मला राग होता, महाराज. यांना शिक्षा देणार असाल तर तीच मलाही द्या."

 मग वसुला कशीबशी उठून उभी राहिली.

"ओ, महाराज," ती म्हणाली. "मान राहिली ते मला कळलं होतं."

"मलाही," पुण्णक म्हणाला. 

राजाने कोणालाच घालवले नाही. रोहकाचे पद काढून त्याने ते नंदिलला देऊ केले. नंदिल म्हणाला, "दोरी घेईन, ओटा नको. आणि रोहकांना घालवू नका. त्यांना कोपऱ्यातला माग द्या, पण मध्ये भिंत ठेवू नका. धोटा मी शिकवीन."

ओटा आणि भिंत दोन्ही पाडली. सहा पट्टे मानेपर्यंत उकलले. नंदिल रोहकाशेजारी त्याच मागावर बसून हाक देऊ लागला. पहिले काही दिवस त्याच्या हाकेला नुसते धोट्यांचे आवाज आले. गेलेला आवाज लगेच थोडाच परततो! नंदिल हाक देई, थांबे, वाट पाही आणि पुढची गाठ धरी. मग एके सकाळी वसुलाने ओ दिली. नंतर पुण्णकाने. त्या दुपारी तो न बोलता नंदिलच्या पानावर येऊन बसला आणि त्याने चटणी ओढून घेतली.

रोहकाची ओ सगळ्यांत शेवटी आली, अगदी दबक्या आवाजात. पण नंदिल तिच्यासाठी थांबला होता.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा जेतवनात सांगितली. तिथे विहाराच्या बांधकामावर नेमलेला एक भिक्षू कोणाचे ऐकून घेत नसे, आणि बाकीचे वाकडी भिंत दिसत असूनही मुकाट विटा रचत होते. शास्ते म्हणाले, "त्या वेळचा रोहक म्हणजे हा बांधकाम पाहणारा भिक्षू. ते सहा विणकर म्हणजे तुम्ही विटा रचणारे. विजितसेन राजा म्हणजे आपला आनंद भिक्षू. आणि कोपऱ्यातला नंदिल मीच होतो. कोणी ऐकत नसतानाही ओ देत राहणे सोपे नाही, पण ती क्षांतीची, म्हणजे सहनशीलतेची, अर्धीच वाट आहे. उरलेली अर्धी म्हणजे ती बारा पावले. ती मी त्या जन्मी उशिरा चाललो."