ठिपकीची झोप कुणी नेली?

धान पिकणाऱ्या गावात एक करडू होतं. ठिपकी तिचं नाव. बोटाएवढी शेपटी आणि पळसाच्या पानाएवढे कान.

दिवस मावळला. ठिपकी आईच्या कुशीत शिरली. डोळे मिटले. तोच कानाशी आली, गुणगुण गुणगुण! चट्! डासीण चावली. ठिपकीची झोप उडाली. उडाली ती परत आलीच नाही.

सकाळी डासीण गोठ्याच्या काळोख्या कोपऱ्यात बसली होती. ठिपकी तिच्याकडे गेली. टणाक टणाक!

"डासीणबाई, माझी झोप द्या."

"मी काय करू, बाळे? पोटात अंडी आहेत. अंड्यांना रक्त लागतं. आमचे हे फुलांचा रस पितात. चावते ती मीच. माझी पिल्लं पाण्याच्या टाक्यात वाढतात. टाक्याला सांग."

ठिपकी टाक्याकडे गेली. टणाक टणाक! वाकून बघते तर काय! पाण्यात वळवळे. इवले इवले. डोकं खाली, शेपटी वर. आणि शेपटीनेच श्वास! ठिपकी बघतच राहिली. मग म्हणाली,

"डासीण गुणगुण थांबवीना,
माझी झोप मला मिळेना!
टाकेबुवा, वळवळे काढा ना!"

"मी कसं काढू? धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या घाईत मला कुणी उपसलंच नाही. वळवळे खाते मासोळी. मासोळीला सांग."

विहिरीत गप्पी मासोळी होती. ठिपकी काठावर गेली. टणाक टणाक!

"टाकं वळवळे काढीना,
डासीण गुणगुण थांबवीना,
माझी झोप मला मिळेना!
मासोळीताई, टाक्यात ये ना!"

"वळवळे? वा वा! पण मला पाय कुठे आहेत? बादलीला सांग."

बादली काठावरच होती, पालथी.

"मासोळी टाक्यात येईना,
टाकं वळवळे काढीना,
डासीण गुणगुण थांबवीना,
माझी झोप मला मिळेना!
बादलीबाई, विहिरीत उतर ना!"

"उतरेन की! पण दोर धरायला हात नकोत? आपल्या मालकिणीला, देवकामायला सांग."

देवकामाय बांदीत, धानाच्या शेतात होती. गुडघाभर पाण्यात, हातात धानाची रोपं. ठिपकी बांधावर उभी राहिली. टणाक टणाक!

"बादली विहिरीत उतरेना,
मासोळी टाक्यात येईना,
टाकं वळवळे काढीना,
डासीण गुणगुण थांबवीना,
माझी झोप मला मिळेना!
देवकामाय, दोर धर ना!"

"येते गं माझे बाई! मागच्या साली त्या डासांनीच आमच्या पोरीला, रेवाला ताप आणला. पण रोप उपटून ठेवलंय, ते सुकेल. बैलानं चिखल केला की रोवते, मग येते. बैलाला सांग."

बैल झाडाखाली बसला होता. केवढा मोठा! जणू टेकडीच! ठिपकी हळूच पुढे गेली. टणाक... टणाक...

"देवकामाय दोर धरीना,
बादली विहिरीत उतरेना,
मासोळी टाक्यात येईना,
टाकं वळवळे काढीना,
डासीण गुणगुण थांबवीना,
माझी झोप मला मिळेना!
बैलदादा, चिखल कर ना!"

बैलाने मोठ्ठी जांभई दिली.

"पाय उचलत नाहीत गं. डासांनी माझीपण झोप नेली."

ठिपकीचे डोळे मोठे झाले. डास तिळाएवढा. बैल टेकडीएवढा. आणि तिळाने टेकडीची झोप नेली!

आता कुणाला सांगायचं? पुढे कुणीच नव्हतं.

ठिपकीने आपले कान बघितले. मोठे होते. ती बैलाच्या तोंडापाशी उभी राहिली.

"दादा, तू नीज. मी वारा घालते."

फटफट फटफट! कान हलले. माशी पळाली. डास पळाला. ठिपकीचे डोळे मिटत होते, पण कान थांबले नाहीत. फटफट फटफट! टेकडी घोरू लागली. घुर्रर्र!

बैल जागा झाला. ताजा ताजा! जोडीच्या बैलाला घेऊन उठला. फचाक फचाक!

बैलाने चिखल केला.
देवकामायने रोप रोवलं, मग दोर धरला.
बादली विहिरीत उतरली. धबाक!
मासोळी टाक्यात आली. टुबुक!

"एवढीशी तू!" देवकामाय म्हणाली. "खाशील का गं सगळे?"

मासोळी बोललीच नाही. तिचं तोंड भरलं होतं. गप्प! गप्प! गप्प!

वळवळे सरले. नवे डास येईनात. गुणगुण हळूहळू विरली.

मग एका संध्याकाळी ठिपकी आईच्या कुशीत शिरली. कान टवकारले. गुणगुण नाही. टाक्यात, टुबुक. गोठ्यात, घुर्रर्र.

आणि पाय न वाजवता ठिपकीची झोप घरी आली.

बाळा, सरक जरा. तुझीपण आली बघ.