अंतोबाशेटची हाक

घाटाच्या पायथ्याला, बैलगाड्या चढणीआधी जिथे दम खायला थांबत, त्या गावात अंतोबाशेट नावाचे गुळाचे व्यापारी राहत. माणूस मोठा गोड, पण एकदा मनाने काही धरलं की सोडायचं नाही, असा स्वभाव.

एकदा देवळात पुराणिकबुवांनी सांगितलं, "अतिथी हा देव असतो. दारचा उपाशी असताना घरचा जेवला, तर ते जेवण अंगी लागत नाही." शेटना हे इतकं पटलं, की त्यांनी तिथल्या तिथे देवासमोर नेम केला. रोज एका भुकेल्याला पोटभर वाढायचं आणि मगच आपण घास घ्यायचा.

नेम करणारे पुष्कळ असतात. शेटनी तो पाळला. रोज दुपारी नैवेद्य झाला की ते ओसरीच्या पायरीवर उभे राहत आणि रस्त्याकडे तोंड करून खणखणीत हाक देत, "कोणी भुकेलं आहे का हो?" गाडीवान येत, बैरागी येत, वाट चुकलेला एखादा कासार येई. शेट स्वतः पाय धुवायला पाणी देत, वाढत, आग्रह करत. पाहुणा ढेकर देऊन उठला की शेटचा चेहरा असा फुले, की बघणाऱ्याचंही पोट भरावं. पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं. ते नाव शेटना आवडत होतं, हेही खरं.

मग डोंगराच्या पलीकडून नवा रस्ता झाला आणि गाड्या तिकडून जाऊ लागल्या. पाहुणे आटले. ही संधी गावातल्या गोप्याने बरोबर हेरली. गोप्या म्हणजे काम सोडून बाकी सगळं करणारा गडी. तो मुद्दाम उशिरा, डुलत डुलत येई आणि विचारी, "आज काय केलंय, शेट?" पिठलं आहे असं कळलं, की पोटावरून हात फिरवत म्हणे, "आज भूक तेवढी न्हाई." मग शेटनी त्याची मनधरणी करायची. आत शेटच्या पत्नी चिमाबाई निमूटपणे भजी तळायला घेत, कारण नवरा जेवल्याशिवाय त्याही जेवत नसत. बिचारीने देवासमोर काहीच कबूल केलं नव्हतं. उपास मात्र दोघांनाही घडे.

एके दिवशी पाटलांच्या घरचं वऱ्हाड परगावी निघालं. सगळं गाव गाड्यांत बसून गेलं. गोप्या तर सगळ्यांच्या आधी जागा धरून बसला होता. गाडीचे हिसके कमरेला सोसत नाहीत, म्हणून शेट मागे राहिले, आणि त्यांच्यासोबत चिमाबाईही.

दुपारी शेटनी हाक दिली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. त्यांनी पुन्हा हाक दिली. सावल्या लांबल्या, भात निवला. चिमाबाई दारात येऊन म्हणाल्या, "अहो, आज देवही लग्नाला गेलाय. चार घास खाऊन घ्या."

शेटच्या पोटात कावळे ओरडत होते. नेम मोडला तर बघायला तरी कोण आहे, असं त्यांच्या मनात आलं. ते हात धुवायला उठलेही. पण तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. बघायला कोणी नाही म्हणून मोडायचा, तर इतके दिवस पाळला कोणासाठी? ते पुन्हा पायरीवर गेले. आवाज आता खोल गेला होता. "कोणी भुकेलं आहे का हो?"

"हाय की. मी हाय."

अगदी बारीक आवाज. शेटनी रस्ता न्याहाळला. कोणी नाही. त्यांनी परत विचारलं. "हाय न्हवं का," उत्तर आलं, आणि आलं ते पाठीमागून. शेट घरातून परसात गेले. तिथून हाक दिली. ओ आली. लपंडाव खेळणाऱ्या पोरासारखे ते कोठाराच्या भिंतीला वळसा घालून गेले, तर मागे एक झोपडी होती. आत वाकळेवर सारजाक्का कोष्टीण पडली होती. गावातल्या निम्म्या बायकांची लुगडी एके काळी तिनेच विणलेली.

"सारजाक्का, तू? मला वाटलं, तू लेकीकडे राहायला गेलीस."

"जाऊ कशी? पाय गेलं माझं. शेजारीन सांजच्याला भाकर टाकून जाती. आज ती बी लग्नाला गेली."

"म्हणून आज माझ्या हाकेला ओ दिलीस होय?"

"आज?" म्हातारी हसली. "रोज देते की. तू हाक मारलीस की मी म्हनते, हाय, मी हाय. पर पोरांचा दंगा, लोहाराचा घण. त्यातनं माझा आवाज कुठनं पोचायचा? आज गाव गेलंय, म्हनून पोचला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर शेटना सोपं गेलं असतं. त्यांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ते रस्त्याकडे तोंड करून हाक देत होते, आणि ओ त्यांच्या पाठीमागून येत होती.

शेट स्वतः ताट घेऊन आले. चिमाबाईंनी उरलेली दोन ताटंही तिथेच आणली. झोपडीत तिघांची पंगत बसली. पहिला घास घेऊन सारजाक्का म्हणाली, "चिमे, आमटीत गूळ लई झालाय." गुळाच्या व्यापाऱ्याच्या तोंडावर हे बोलायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. तिघंही हसली. शेट इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

वऱ्हाड परतलं आणि दुसऱ्या दिवशी गोप्या डुलत आला. "आज काय केलंय, शेट?" शेटनी भाकऱ्यांची पाटी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "चल." आंधळा गुरव, बाळंतीण कैकाडीण, अंथरुणाला खिळलेला म्हातारा धनगर, ज्याला म्हणून दारापर्यंत येता येत नव्हतं, त्या प्रत्येकाच्या उंबऱ्याशी दोघं थांबले. परत आल्यावर गोप्याने नुसतं पिठलं तीनदा मागून घेतलं आणि भज्यांचं नावही काढलं नाही.

तेव्हापासून पायरीवरची हाक बंद झाली. आता दुपारी शेट परसात आले की भिंतीपलीकडून सारजाक्काच हाक मारी, "शेट, निघालास का रं?" आणि पाटीला हात लावत अंतोबाशेट ओ देत, "आलो, आक्का, आलो."

तात्पर्य: भुकेला आपल्या दारी येईल म्हणून वाट बघत बसू नये. ज्याला येता येत नाही, त्याच्या दारी आपण जावं. देव पुष्कळदा तिथेच आपली वाट बघत असतो.