अक्काएवढा हलका

माणसांनी रानाला कुंपणं घातली नव्हती, तेव्हाची गोष्ट. तांबू शेकरूच्या अक्काला गरुडाने नेलं आणि तिचं पिल्लू जांभळाच्या शेंड्यावरच्या घरट्यात एकटं राहिलं. त्याला अजून उडी मारता येत नव्हती. बुलबुल त्याला फळं भरवायची, पण वादळाचे दिवस जवळ आले होते. पिल्लाला खाली आणायचं तर शेंड्याची फांदी करंगळीएवढी, आणि तांबू फणस खाऊन चांगलाच सुटलेला.

तांबूने फणस सोडला. चार दिवसांनी तो सागाच्या फांदीवर बसला. फांदी हललीसुद्धा नाही.

“अरे, पिसासारखा झालास की!” साग म्हणाला.

तांबू तसाच जांभळाकडे धावला. वाटेत बांबूवर बसला, तर बांबूचा शेंडा थेट खालच्या खडकाला टेकला.

“जाड्या, उतर! कंबर मोडशील माझी.”

“साग तर हलका म्हणाला!”

“सागाला हत्ती टेकला तरी तो हेच म्हणेल. तुझी अक्का माझ्यावर बसली की माझा शेंडा खडकाच्या वीतभर वर राहायचा. तेवढा राहीपर्यंत रोज सकाळी इथेच ये.”

तांबूला राग आला, पण तो रोज आला. शेंडा खडकापासून बोटभर सुटला, एकदा पुन्हा टेकला. साग लांबून हाका मारत होता. तांबूने तिकडे पाहिलं नाही.

एके सकाळी शेंडा वीतभर वर राहिला.

तांबू जांभळावर चढला आणि शेवटच्या फांदीवर सरकला. फांदी वाकली, थांबली. घरट्यातून पिल्लाने डोकं काढलं.

“आई?”

“मामा आहे रे. शेपटी धर, चल.”