रेवाळीचे मुके पंतोजी

आपल्या आजोबांच्या आजोबांनीही ऐकीवच सांगितलेली ही गोष्ट. खाडीकाठच्या रेवाळी गावात अंताजी पंतोजी देवळाच्या ओवरीत शाळा भरवायचे. आवाज असा की ओवरीत पाढा म्हटला तर पल्याडच्या काठावर ऐकू जाई, असं म्हणतात. पंतोजी सांगत, पोरं घोकत. पोरांनी उलट काही विचारावं, अशी रीतच नव्हती.

गाव दर्यावर जगणारं. म्हणून पंतोजी भरतीचं गणितही पाठ करून घेत. आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, पाणी भरायची वेळ येते. हे गणित सगळ्यांत चोख येई ते सारंगांच्या भिकोला. दहा वर्षांचा पोरगा, पण झोपेतून उठवला तरी अडायचा नाही.

एका ओहोटीला भिको चार पोरांबरोबर खाडीच्या मधल्या वाळूच्या पुळणीवर तिसऱ्या शिंपल्या वेचायला गेला. दक्षिणेचा वारा सुटला होता आणि पाणी वेळेआधीच आत ढकलत होता. बाकीची पोरं पाणी बघून घाबरली आणि परत फिरली. भिको हसला. म्हणाला, अजून दोन घटका आहेत, पंतोजींचं गणित चुकत नाही. तो परत आलाच नाही. तिसऱ्या दिवशी त्याच पुळणीवर सापडला.

पंतोजी सारंगांच्या दारात गेले. भिकोची आई उंबऱ्यावर बसली होती. तिने रडून घेतलं होतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या झिलान पाण्याकडे बघूकच नाय, पंतोजीनू. तो तुमचा बोलणा आठवत रवलो."

त्या दिवसापासून ओवरी बंद झाली. पंतोजी रोज ओहोटीला एकटेच पुळणीवर जाऊन बसत. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. चूल कधी पेटे, कधी नाही. सात वर्षं ते नुसते पाणी बघत राहिले. आणि त्यांना कळलं, की जे आपण चाळीस वर्षं शिकवलं ते आपण कधी पाहिलंच नव्हतं.

मग एक दिवस त्यांनी शाळा पुन्हा भरवली, ती वाळूत. पोरांना भोवती बसवून ते फक्त विचारत, "काय दिसतंय?" पोरांनी सांगितलं की विचारत, "कशावरून?" त्यापुढे काही नाही. उत्तर ओठांवर येऊ नये म्हणून ते तोंडात एक खडा धरून बसत, असं म्हणतात. महिन्याभरात लोक कुरकुरू लागले. पंतोजी मुके झाले, पोरांनाच विचारत बसतात, मग शिकवणार कोण? एकेक करून पोरं गेली. उरली एकटी आवडी, खडकावरची कालवं काढणाऱ्या विधवेची मुलगी. तिला शाळेत कोणी घातलंच नव्हतं, म्हणून कोणी काढलंही नाही.

पुढे एका माघात गावातलं वऱ्हाड पल्याड निघालं. चाळीस माणसं, डोक्यावर बोजे, कडेवर लेकरं. ओहोटीला पायी ओलांडायच्या उतारापाशी थांबून लोकांनी, तिथेच वाळूत आवडीबरोबर बसलेल्या पंतोजींना जुन्या सवयीने विचारलं, पाणी भरायला किती वेळ आहे. पंतोजींनी मनात तिथीची पाऊणपट केली. दोन घटका होत्या. इतक्यात आवडी म्हणाली, "पंतोजीनू, पाणी फिरला."

"कशावरून?"

तिने बोट दाखवलं. ओहोटीला वाळूवर फिरणारे बारके खेकडे बिळं बुजवून आत गेले होते. फेस समुद्राकडे जायचा सोडून आत येत होता.

सगळे पंतोजींच्या तोंडाकडे बघत राहिले. पंतोजींनी तोंडातला खडा काढला. "माझं गणित दोन घटका सांगतंय," ते म्हणाले. "पण बघितलंय तिने. थांबा."

वऱ्हाड थांबलं. आणि शंभर श्वास व्हायच्या आत खाडीच्या तोंडाशी पाणी माडाएवढं उभं राहिलं, असं म्हणतात. लोक पाया पडायला वळले तेव्हा पंतोजी लांब काठाकाठाने एकटेच चालले होते.

त्यानंतर वाळूतली शाळा भरून गेली. पोरं आपसात वाद घालत, चुकत, पुन्हा बघून येत. पंतोजींची त्यांना फारशी गरज उरली नाही. ते मागे सरकून बसत, आणि त्या गलबल्यात त्यांच्याशी बोलायला कोणी नसे. भिकोची आई टोपली घेऊन रोज तिथून जाई. ती कधी बोलली नाही. तिला चुकवायला तेही कधी उठून गेले नाहीत.

एका ओहोटीला पोरं आली, तर पंतोजी नव्हते. पोरांनी पावलं वाचली. ती पुळणीवर भिको सापडला तिथवर गेली होती, तिथे कोणी पुष्कळ वेळ बसलं होतं, आणि पुढे पावलं नव्हती. त्या दिवशी भरती एक घटका उशिरा आली, असं म्हणतात.

आता खाडीवर पूल आहे. पण माघात रेवाळीचे लोक एक दिवस पुलावरून जात नाहीत, उतारानेच जातात. सगळ्यांत लहान पोर पुढे होऊन पाणी बघतं आणि कशावरून ते सांगतं. ते नको म्हणालं तर नवरदेवसुद्धा काठावर बसून राहतो. आणि एखादा म्हातारा मधेच सांगायला लागला, तर बाया त्याला हळूच म्हणतात, "पंतोजीनू, गप रवा. तेका बघू दे."