उकिरड्याचा धनी

भर चौकात, नव्या व्याह्यांच्या देखत, तांबडगडचे राजे मानाजीराव केळ्याच्या सालीवरून घसरले आणि थेट उकिरड्यात जाऊन बसले. पागोटं एकीकडे, मोजडी दुसरीकडे. व्याही हसले नाहीत, नुसता मिशीवर हात ठेवून उभे राहिले. राजेसाहेबांना तेच जास्त झोंबलं.

"हा उकिरडा कुणाचा?" राजे गरजले.

निंबाखालचा तो ढीग गावाइतकाच जुना होता. रोज वाढायचा, पण विचारलं तर कुणाचाच नव्हता.

प्रधानांनी शेजारच्या भाजीवाल्यांकडे बोट केलं. "यांचाच असणार, महाराज. सगळा भाजीबाजार वेशीबाहेर हलवू."

भाजीवाले रडकुंडीला आले. वेशीबाहेर ओढा आणि ओढ्यापलीकडे रान. कोथिंबिरीच्या जुडीसाठी तिथवर कोण येणार? तेव्हा ठकू माळीण पदर खोचून पुढे झाली.

"महाराज, आमची उरलेली भाजी आमच्या गाई खातात. हा ढीग आमचा नाही."

"मग कुणाचा ते शोधून काढ," राजे म्हणाले. "बाजाराच्या दिवसापर्यंत मुदत. कुणाला धमकावायचं नाही, कुणाच्या घरात शिरायचं नाही. धनी सापडला की तो कुणी का असेना, हे प्रधानजी का असेनात, पाटी डोक्यावर घेऊन तोच हा ढीग उचलील. हा माझा शब्द. नाही सापडला तर बाजार वेशीबाहेर!"

राजांचा हट्ट गावाला ठाऊक होता. दिलेला शब्द ते मागे घेत नसत.

ठकू दारोदार फिरली. हलवायाला म्हणाली, "शेट, हे पाकाचे द्रोण तुमचेच ना?"

"माझे कसे? गिऱ्हाइकाच्या हातात दिले, की त्याचे झाले."

शिंप्याला चिंध्यांचं विचारलं. तो म्हणाला, "कापड ज्याचं, चिंध्या त्याच्या. मी फक्त कात्री चालवतो."

गुरवाने तर डोळेच मिटले. "निर्माल्य देवाचं, बाई."

"मग देवाला सांगू का पाटी घेऊन यायला?" ठकूने विचारलं. गुरव समई पुसायला लागला.

घरी आल्यावर सासूने विचारलं, "सापडला का गं धनी?"

"सापडला, आत्याबाई. आता त्याच्या तोंडावर त्याचं नाव घ्यायचं तेवढं उरलंय."

बाजाराच्या दिवशी चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. राजे आसनावर बसले, शेजारी व्याही. ठकू रिकामी पाटी घेऊन पुढे आली.

"सापडला धनी?"

"सापडला, महाराज. पण माणूस फार मोठा आहे."

प्रधानजी चुळबुळले. राजे म्हणाले, "अभय आहे. बोल."

"आधी एक विचारते. मागच्या पुरात सागाचा ओंडका वाहून आला होता. तो कुणाचा ठरला?"

"माझा. दवंडी पिटली, कुणी पुढे आलं नाही. बेवारस माल सरकारजमा, हा आपला कायदाच आहे."

"आणि ती चुकार म्हैस?"

"तीही माझी. दूध चांगलं देते."

"मग महाराज, मी गावभर विचारून आले. हलवाई म्हणतो माझं नाही, शिंपी म्हणतो माझं नाही, गुरवदादांनी तर देवाचं नाव सांगितलं. या ढिगाला एकही वारस नाही." ठकूने पाटी राजांच्या पायाशी ठेवली आणि मुजरा केला. "आपला माल ताब्यात घ्यावा."

प्रधानांचा चेहरा पांढरा पडला. मग राजांनी अंगरख्याच्या बाह्या सारल्या, पाटी उचलली आणि ढिगापाशी जाऊन वाकले.

हलवायाला ते बघवेना. तो धावत आला. "महाराज, ठेवा, ठेवा. ते द्रोण माझे आहेत!"

"परवा तर गिऱ्हाइकाचे होते," ठकू म्हणाली.

शिंपी मान खाली घालून चिंध्या गोळा करू लागला. गुरव निर्माल्याला हात जोडून म्हणाला, "देवाने मला सांगितलंय, तूच ने म्हणून." मग गल्ल्यागल्ल्यांतून माणसं पाट्या घेऊन आली. ही राख आमची, ती खापरं आमची. साली नि पानं माळ्यांच्या खतखड्ड्यात गेली, चिंध्या गोधड्या शिवणारीने नेल्या. जिथे इतकी वर्षं कुणीच धनी नव्हता, तिथे आता वाटणीवरून भांडायची वेळ आली.

तळाशी मात्र अत्तराच्या फुटक्या कुप्या आणि जरीच्या दोऱ्यात ओवलेले सुकलेले गजरे उरले. सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुणी पुढे येईना.

"हे कुणाचं?" राजांनी विचारलं.

"अख्ख्या गावात जरीचा दोरा एकाच घरी येतो, महाराज," ठकू हळूच म्हणाली. "त्याच घरच्या दासी पहाटे येऊन टाकून जातात. यासाठी कायदासुद्धा लागत नाही."

राजे पोट धरून हसले. त्यांचं बघून व्याहीही हसले, मिशी न झाकता. महालाची पाटी राजांनी स्वतः डोक्यावर घेतली आणि वेशीपर्यंत चालत गेले. मागून प्रधानजी झाडू घेऊन.

परत आल्यावर राजांनी हातातलं सोन्याचं कडं ठकूला दिलं. "आणखी काय हवं ते माग."

"निंबाखाली आता छान सावली मोकळी झालीय. ती भाजीवाल्यांना द्यावी."

"दिली. पण ठकू, तिथे एक जागा माझ्यासाठी ठेव. बाजाराच्या दिवशी मी स्वतः येऊन बसणार आहे."

"बसा की, महाराज," ठकू म्हणाली. "फक्त केळी खाल्लीत, तर साल घरी न्यायची."